कंपनीच्या खुर्चीत बसलेले श्रोते

ड्रीम थिएटर या अमेरिकी बँडचा ‘द अ‍ॅस्टॉनिशिंग’ हा अल्बम २९ जानेवारी २०१६ रोजी आला आणि प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं जड रॉक संगीत, ऐकणाऱ्यांमध्ये उभी फूट पडली. काहींना तो बँडचं आजवरचं सर्वांत धाडसी काम वाटला, काहींना नुसती दमछाक. इतकी वर्षं उलटली तरी या संगीताचे दोन चाहते भेटले आणि विषय या अल्बमवर आला, की आवाज चढतात. या वादात मी अल्बमच्या बाजूने आहे. तो निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. त्याच्यावरचे बरेच आक्षेप खरे आहेत. माझी तक्रार आहे ती आपण त्याला कोणत्या मापाने मोजलं याबद्दल. एके काळी रेकॉर्ड कंपनी या बँडकडे ज्या मागण्या करायची आणि ज्यांपायी आपण कंपनीला बोल लावायचो, नेमक्या त्याच मागण्या २०१६ मध्ये आपण केल्या. लांबी कमी करा, नेहमीचं वाजवा, आमच्या ओळखीचं द्या.

ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन सीडी, ३४ तुकडे, सुमारे १३० मिनिटं. पहिल्या अंकात २० तुकडे, दुसऱ्यात १४. गोष्ट २२८५ सालची. अमेरिकेत पुन्हा सरंजामशाही आलेली आहे आणि माणसांनी गाणं-वाजवणं जवळजवळ सोडून दिलंय. संगीत म्हणून जे काही उरलंय ते ‘नोमॅक्स’ नावाची उडती यंत्रं करतात, आणि ते ऐकवत नाही. रेव्हन्सकिल नावाच्या खेड्यातल्या गॅब्रिएलला मात्र गळ्याची देणगी आहे. सम्राट नेफेरियसची मुलगी फेथ त्याच्या गाण्याकडे ओढली जाते आणि मग प्रेम, बंड, फितुरी, खून असं सगळं घडत जातं. कथा आणि गीतं गिटारवादक जॉन पेट्रूचीची. संगीत त्याने कीबोर्डवादक जॉर्डन रूडेसच्या साथीने बांधलं. वाद्यवृंदाची मांडणी डेव्हिड कॅम्बेलने केली आणि वादन प्रागमधल्या वाद्यवृंदाने केलं. शिवाय समूहगायक आहेत. सिम्फनीचा भास कीबोर्डवर निभावून नेण्याची या प्रकारात जुनी रीत आहे. इथे माणसं बसवून वाजवून घेतलंय.

अल्बम येण्याआधीच मतांची लढाई सुरू झाली होती. बँडने स्वतः चाहत्यांना दोन गटांत नाव नोंदवायला सांगितलं होतं: साम्राज्याच्या बाजूने की बंडखोरांच्या. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये ‘द गिफ्ट ऑफ म्युझिक’ हे एकच गाणं पुढे आलं आणि चार मिनिटांच्या त्या गाण्यावरून १३० मिनिटांचा निकाल अनेकांनी लावून टाकला. गाणं हलकं आहे, मेटल कुठे आहे, हा बँड आता नाटक कंपनी झालाय, असा एकंदर सूर. पुढे संपूर्ण अल्बम हातात आल्यावर त्यातल्या किती जणांनी तो सलग ऐकला असेल याची मला शंका आहे. आधी मत ठरलं आणि नंतरचं ऐकणं त्या मताला पुरावे गोळा करण्यासाठी झालं, असं तेव्हाच्या चर्चा आठवल्या की वाटतं.

या बँडच्या बाबतीत श्रोत्यांचं मत ही हवेत विरणारी गोष्ट कधीच नव्हती, म्हणून मी यावर एवढं लिहितोय. १९८९ मध्ये त्यांनी ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ नावाची दीर्घ रचना लिहिली होती. १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या अल्बममध्ये ती यायची होती, पण लांबीमुळे कंपनीने ती बाहेर ठेवली. चाहत्यांनी ती मैफलीत ऐकलेली होती. त्यांनी सह्या गोळा केल्या, पाठपुरावा केला, आणि १९९५ मध्ये ती २३ मिनिटांची रचना ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आली. त्याच १९९२ च्या अल्बममधल्या एका गाण्याच्या नावात पेट्रूचीने गमतीने ‘भाग पहिला’ असं घालून ठेवलं होतं. दुसरा भाग करायचा विचारही नव्हता. लोक वर्षानुवर्षं विचारत राहिले, दुसरा भाग कधी? १९९९ मध्ये तो आला, आख्ख्या कथेच्या अल्बमच्या रूपाने, आणि आज बहुतेक चाहते त्यालाच बँडचं सर्वोत्तम काम मानतात.

या दोहोंच्या मधला १९९७ चा ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ हा अल्बम मात्र कंपनीच्या दबावाखाली झाला. बँडला दुहेरी अल्बम हवा होता, कंपनीने नाही म्हटलं. सुमारे वीस मिनिटांची एक रचना तयार असून बाजूला पडली. एका गाण्याची डागडुजी करायला हिट गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेला डेस्मंड चाइल्ड बाहेरून आणला गेला. रेडिओवर चालेल असं काहीतरी हवं होतं, एवढाच त्यामागचा हिशेब. चाहत्यांना तो खटकला आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. लांब रचना हा या संगीताचा प्राण आहे, कलावंताला मोकळीक द्या, असं तेव्हा आपण कंपनीला ठणकावत होतो. मग १९९९ मध्ये कंपनीने मोकळीक दिली आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता २०१६ कडे पाहा. या वेळी कंपनीने दोन सीडींना मान्यता दिली, वाद्यवृंद दिला, समूहगायक दिले, एकाच कथेच्या अल्बमसाठी पूर्ण हात मोकळे सोडले. आणि ‘एवढं लांब कशाला’ म्हणायला कोण उभं राहिलं? आपण. ‘यातली निम्मी गाणी काढून टाकली असती तर एक चांगला अल्बम झाला असता’ हे वाक्य तेव्हा इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं, की ते म्हणण्याआधी कुणी ऐकून पाहिलं होतं का, हेही विचारायची सोय उरली नाही. १९९७ मध्ये कंपनीच्या माणसाच्या तोंडी हेच वाक्य आपल्याला अरसिक वाटलं होतं.

लांबीच्या तक्रारीत आणखी एक विसंगती आहे. अल्बम फार लांब आहे असं म्हणणारेच दुसऱ्या दमात म्हणत होते की यात एकही लांब गाणं नाही. तेही खरंच आहे. सर्वांत मोठं गाणं आठ मिनिटांच्या आत संपतं. आधीच्या २०१३ च्या अल्बमचा शेवट २२ मिनिटांच्या रचनेने झाला होता, तेव्हा या बँडकडून काय अपेक्षा असते ते कळतं. पण इथे १३० मिनिटांची एकच रचना आहे आणि ही ३४ नावं म्हणजे तिच्यातले प्रवेश आहेत, हे ज्याने धरलं त्याला दोन्ही तक्रारी एकदम सुटलेल्या दिसतील. सुरुवातीच्या वाद्यसंगीतात ज्या सुरावटी झरझर येऊन जातात त्या पुढे पात्रांबरोबर परत येतात, कधी पियानोवर, कधी समूहाच्या गळ्यातून, कधी स्वर तोच आणि खालची साथ बदललेली. एखादं गाणं सुटं काढून ऐकलं तर ते गोड आणि थोडं साधं वाटतं. जागेवर ऐकलं तर त्याचं काम कळतं.

याच कारणाने त्या पाच यंत्रतुकड्यांची बाजू मला घ्यावीशी वाटते. ३४ पैकी पाच तुकडे म्हणजे नोमॅक्सचे आवाज आहेत: खरखर, किणकिण, तुटक इलेक्ट्रॉनिक बडबड. सगळ्यांत जास्त लोक हेच तुकडे ओलांडून पुढे जातात आणि ‘हे भरताड कशाला’ म्हणतात. पण ज्या गोष्टीत माणसाचं गाणं नायक आहे, तिच्यात खलनायक ऐकू यायला नको? सम्राट हा खरा खलनायक नाहीच, तो शेवटी विरघळतो. खरा शत्रू म्हणजे तो आवाज. तो कानाला टोचला की त्याच्यानंतर येणारा पियानोचा पहिला स्वर किती मऊ लागतो हे एकदा तरी अनुभवून पाहावं. आपल्या ऐकण्याच्या साधनांनी इथे घात केला आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं, आणि सरमिसळ करून वाजवलं की प्रवेशांची साखळी पार तुटते. अशा साधनावर ऐकून या अल्बमला ‘विस्कळीत’ म्हणणं अल्बमवर अन्याय आहे.

मेटल कमी आहे, ही दुसरी मोठी तक्रार. तिच्याकडे तांत्रिक अंगाने पाहिलं पाहिजे, कारण इथे रुचीइतकाच ध्वनिशास्त्राचाही भाग आहे. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत केलेली गिटार दोन गोष्टी करते. मूळ स्वराच्या वर भरपूर उपस्वर निर्माण करते, म्हणजे ज्या पट्ट्यात व्हायोलिनची धार आणि ब्रासची (पितळी फुंकवाद्यांची) झळाळी असते तो पट्टा ती स्वतःच भरून टाकते. आणि ती आवाजाची चढउतार सपाट करते. तार हळू छेडा की जोरात, बाहेर येणारा आवाज जवळजवळ सारखाच मोठा. वाद्यवृंदाचं सगळं वैभव तर त्या चढउतारात असतं. साठ माणसं कुजबुजल्यासारखी वाजवतात आणि तीच माणसं हळूहळू भिंत उभी करतात. दोघांना एकत्र बसवायचं तर एकाला मागे सरावं लागतं. सिम्फनिक मेटलचे कितीतरी अल्बम असे आहेत की वाद्यवृंदाला पैसे दिलेत हे फक्त श्रेयनामावलीत कळतं, कानाला कळत नाही. पेट्रूचीने इथे गिटारला वारंवार मागे नेलं आणि पियानोला, तंतुवाद्यांना पुढे आणलं. ज्या माणसाची ओळखच गिटार आहे त्याने स्वतःच्या अल्बममध्ये हे करावं, याला हिंमत लागते. ती हिंमत आपण ‘मेटल कमी’ या दोन शब्दांत निकालात काढली.

आणि जिथे गिटार पुढे येते तिथे कशी येते हे ऐकायचं असेल तर पहिल्या अंकाच्या शेवटाजवळचं ‘अ न्यू बिगिनिंग’ ऐका. फेथ बापाशी वाद घालतेय, गॅब्रिएलला मारू नका, त्याला एकदा ऐका म्हणतेय. गायक जेम्स लब्रीचा आवाज मुलीचा हळवा सूर आणि सम्राटाची गुरगुर यांच्यामध्ये येरझारा घालतो. शब्द संपतात आणि विषम मात्रांच्या ठेक्यावर गिटार सुरू होते. सुरुवातीला ती बोलल्यासारखी आहे, दोन-दोन स्वरांची वाक्यं, मध्ये श्वास. मग वाक्यं लांबतात. खाली ठेका तसाच अडखळत चाललेला आणि वर गिटार त्याची पर्वा न करता सलग वाहत जाते, जणू बापलेकींचं भांडण शब्दांवाचून पुढे चाललंय. एका तासाहून जास्त काळ पेट्रूचीने इतका वेळ सलग गिटार वाजवलेली नसते, म्हणून ती इतकी लागते. हीच सोलो एखाद्या नेहमीच्या अल्बमच्या तिसऱ्या मिनिटाला आली असती तर ‘छान’ म्हणून आपण पुढे गेलो असतो.

लब्रीबद्दलही बोललं पाहिजे. सगळी पात्रं त्याने एकट्याने गायली आहेत. गॅब्रिएल, फेथ, सम्राट, त्याचा मुलगा डेरियस, बंडखोरांचा सेनापती अ‍ॅरिस, सगळे. प्रत्येक पात्राला वेगळा गायक का घेतला नाही, हा आक्षेप तेव्हा फार चालला. मराठी माणसाला तरी हा आक्षेप पटायला जड जावा. आपला कीर्तनकार एकटाच उभा राहून राम, कैकेयी, मंथरा सगळे होतो आणि कोण बोलतंय हे मागच्या रांगेतल्या आजीलाही कळतं. प्रश्न गायक किती आहेत हा नाही, आवाजाचा पोत बदलतो का हा आहे. लब्री तो बऱ्याच ठिकाणी बदलतो. सम्राटासाठी घशातून, फेथसाठी जवळजवळ फुंकरीतून. काही ठिकाणी, विशेषतः गॅब्रिएल आणि अ‍ॅरिस हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलतात तेव्हा, त्याला ते साधत नाही. तिथे गीतांची पुस्तिका हातात नसेल तर गोंधळ होतो. हा दोष मी मान्य करतो.

दोष आणखीही आहेत आणि ते लपवायची गरज नाही. माइक मँजिनीच्या ड्रमचा आवाज कोरडा आणि मागे ढकललेला आहे. स्नेअरला, म्हणजे ठेका धरणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमला, जीवच नाही. बर्कली या संगीत महाविद्यालयात शिकवलेला, हातापायांवर असा ताबा असलेला वादक, आणि त्याचं वादन कागदावर ठोकल्यासारखं ऐकू येतं. मात्र याचं खापर बऱ्याच जणांनी मँजिनीच्याच डोक्यावर फोडलं, कारण २०१० मध्ये बाहेर पडलेल्या माइक पोर्टनॉयची जागा त्याने घेतली होती आणि ती गोष्ट अनेकांनी मनातून स्वीकारलीच नव्हती. मिक्सिंगमधला, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज एकमेकांशी जुळवण्यातला दोष वादकाच्या नावावर मांडणं हे मत नाही, राग आहे. जॉन मायंगचा बास तर शोधावा लागतो. पहिल्या अंकाच्या मधल्या भागात एकापाठोपाठ एक संथ बॅलड येतात आणि तिथे माझीही तंद्री तुटते. दुसऱ्या अंकाचा शेवट घाईत उरकलाय: फेथ मरते, गॅब्रिएलचा आवाज जातो, गाव गातं, आवाज परत येतो, फेथ उठते. पहिल्या अंकाला ८० मिनिटांच्या आसपास वेळ देणाऱ्यांनी इथे हात का आखडला?

कथा बालिश आहे, असंही म्हटलं गेलं. कथनात भाबडेपणा आहेच. पण तिचा विषय? यंत्रं संगीत करतील आणि माणसं गायची थांबतील, ही कल्पना २०१६ मध्ये लोकांना जुनाट विज्ञानकथेसारखी वाटली. आज दोन ओळी टाइप केल्या की गळ्यासकट गाणं करून देणारी सॉफ्टवेअर कुणाच्याही फोनवर आहेत, आणि कोणतं गाणं माणसाचं हे ओळखताना कानांची परीक्षा होते. रूडेसने स्वतः २०२४ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबबरोबर, सोबत वाजवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग मंचावर केला. म्हणजे ज्याने नोमॅक्सच्या काळातलं संगीत बांधलं तोच यंत्राला साथीला घेऊन बसला. यात मला विरोध दिसत नाही, कुतूहल दिसतं. पण अल्बमने काढलेला प्रश्न बालिश नव्हता, एवढं आता तरी कबूल करायला हरकत नसावी.

यावर एक रास्त उत्तर येतं. श्रोत्याने पैसे मोजलेत, वेळ दिलाय, त्याला कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणण्याचा हक्क त्याला आहे. अर्थात आहे. ज्याने दोन्ही अंक ऐकले आणि सांगितलं की बॅलड फार झाली, ड्रम मेलेले आहेत, शेवट उरकलाय, त्याचं मत मला माझ्या मताइतकंच मोलाचं वाटतं. मला त्रास होतो तो ‘हे आमचं ड्रीम थिएटर नाही’ या वाक्याचा. कारण त्यात अल्बमबद्दल काहीच नाही. आपल्या सवयीबद्दल आहे. प्रोग्रेसिव्ह म्हणवणाऱ्या संगीताकडे येणारा माणूस निदान कागदोपत्री तरी सवय मोडायला आलेला असतो. डीप पर्पल या रॉक बँडने १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंदासह वाजवलं तेव्हाही हे रॉक नाही म्हणणारे होते आणि हे शास्त्रीय नाही म्हणणारेही. मेटालिका या मेटल बँडने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीला सोबत घेतलं तेव्हा पुन्हा तेच. दोन्ही गटांना आपापल्या घराची काळजी होती, समोर काय वाजतंय याकडे लक्ष कमी.

पुढे काय झालं तेही पाहू. २०१६ चा दौरा बँडने थिएटरांमध्ये, मध्यंतर ठेवून, संपूर्ण अल्बम सलग वाजवत केला. जुनं एकही गाणं नाही. त्यानंतरचा मोठा दौरा निघाला तो २५ वर्षांपूर्वीच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’चा. २०१९ मध्ये आलेला ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’ हा नवा अल्बम एका तासाच्या आत संपतो, घट्ट आहे, वजनदार आहे, आणि त्याच्या दौऱ्यात पुन्हा १९९९ चा अल्बम संपूर्ण वाजवला गेला. मला तो २०१९ चा अल्बम आवडतो. २०२१ चाही आवडतो. त्यातल्या एका गाण्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं, बँडचं पहिलं. पोर्टनॉय २०२३ मध्ये परतला आणि २०२५ च्या ‘पॅरासोम्निया’चं स्वागत घरी आलेल्या माणसासारखं झालं, त्यातही मी होतो. पण दुहेरी अल्बम, खरा वाद्यवृंद, आख्खी कथा, एवढ्या आकाराचं काही त्यांनी पुन्हा हाती घेतलेलं नाही. त्याला त्यांची त्यांची कारणं असतील. तरी आपण ज्या आवाजात पाठ फिरवली तो आवाज त्यांच्या कानावर गेला नसेल, असं मानणं मला कठीण जातं. या बँडच्या कानावर आपलं म्हणणं नेहमीच जात आलंय.

म्हणून माझी सूचना अशी, की १९९५ सारखी मोहीम पुन्हा उभी करायची असेल तर ती या अल्बमच्या नव्या मिक्ससाठी करावी. गाणी कापा असं म्हणू नये. स्नेअरला जीव द्या, मायंगचा बास वर आणा, जिथे गिटार पुढे येते तिथे कॅम्बेलने लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या ओळी तिच्याखालून मोकळ्या करा, आणि यंत्रांचे ते पाच तुकडे शेजारच्या गाण्यांना जोडून टाका, म्हणजे कुणी सरमिसळ करून वाजवलं तरी ते गळणार नाहीत. दुसऱ्या अंकाच्या शेवटची घाई याने जाणार नाही, मधली बॅलडही कमी होणार नाहीत. पण प्रागच्या वादकांनी नेमकं काय वाजवलं होतं ते ऐकू येईल, आणि मग ज्याला तो अल्बम नावडेल त्याच्याशी मी आनंदाने भांडेन.